शेताचे कागद आणि शाळेचे वाचन

(हीरक महोत्सवानिमित्त होसकोटे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होतात तेव्हा साठ वर्षांचा हिशेब मांडला जातो. किती विद्यार्थी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले, किती डॉक्टर, अभियंते, शिक्षक झाले, किती परदेशी गेले, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते सांगायलाही हवे. या हिशेबात एक रकाना मात्र बहुधा कोरा राहतो. जी मुले-मुली शेतीत राहिली, किंवा ज्यांच्या घरी आजही शेती आहे, त्यांना शाळेने दिलेले वाचन-लेखन शेताच्या बांधावर किती उपयोगी पडले? आजचा विषय या कोऱ्या रकान्याचा आहे. माध्यमिक शाळेतील शेतीशिक्षणात वाचन, लेखन आणि संभाषण ही भाषेची कौशल्ये आणणे का आवश्यक आहे आणि ते कसे करता येईल, याचा विचार येथे मांडायचा आहे.

हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात काय असावे हे नेमकेपणाने नोंदवले आहे. मोडी व बाळबोध लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख आणि त्यांच्याच जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे धडे, अशी ती यादी आहे. खेड्यातील शाळांना जोडून लहान नमुना शेते असावीत, असेही त्यांनी सुचवले. जोतीरावांच्या मांडणीत लिपी, हिशेब आणि शेती एकाच ओळीत बसतात. पुढच्या वर्षी लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ विद्येच्या अभावात दाखवले. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला कागद वाचणारा लुबाडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

त्यानंतरच्या काळात शाळा वाढल्या आणि साक्षरताही वाढली. तरी लिपी आणि शेती यांची वाट वेगळी झाली. भाषेच्या तासाला धडे आणि कविता, शेतीच्या तासाला वाफे आणि खुरपे, अशी वाटणी झाली. शेतीचा तास म्हणजे हातांचा तास, त्यात पुस्तक कशाला, असा समज रूढ झाला. ज्याला वाचनाचा कंटाळा त्याने शेतीचा विषय घ्यावा, अशी शिफारस शिक्षकांच्या खोलीत सहज केली जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आजच्या शेतकऱ्याच्या हाती एका हंगामात जितके छापील कागद येतात, तितके अनेक नोकरदारांच्याही हाती येत नसतील.

हे कागद कोणते, ते क्रमाने पाहू. बियाण्याच्या पिशवीला लावलेली खूणचिठ्ठी हा पहिला. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी आणि कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर सत्यतादर्शक म्हणून विकलेल्या बियाण्याची फिकट हिरवी असते. निळ्या चिठ्ठीमागे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते. हिरव्या चिठ्ठीमागे विक्रेत्या कंपनीचा शब्द असतो. दोन्ही बियाणी चांगली असू शकतात. मात्र ‘हे कोण सांगत आहे?’ हा प्रश्न विचारणे ही वाचनाची पहिली पायरी, आणि ती या चिठ्ठीवर शिकवता येते. त्याच चिठ्ठीवर उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता, तपासणीची तारीख आणि वैधतेची मुदत असते. मुदत संपलेले बियाणे पेरले तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसतो.

दुसरा कागद म्हणजे खताची गोणी. तिच्यावर १०:२६:२६ किंवा १८:४६ असे आकडे असतात. हे आकडे म्हणजे एक वाक्यच आहे, फक्त ते उलगडून वाचावे लागते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत १८ टक्के नत्र म्हणजे ९ किलो, आणि ४६ टक्के स्फुरद म्हणजे २३ किलो; पालाश त्यात नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २०.७ किलो. हे वाचता आले की ‘दोन गोण्या टाका’ या सल्ल्यामागे काय आहे ते कळते, आणि शिफारशीशी ताडूनही पाहता येते.

तिसरा कागद मृद आरोग्य पत्रिकेचा. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेत मातीचे बारा गुणधर्म नोंदलेले असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, तसेच सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. अनेक घरांत ही पत्रिका रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली असते आणि कोणीही वाचलेली नसते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर तो कमी समजावा, एवढे एक वाक्य ज्याला माहीत आहे, त्याला शेणखत आणि पालापाचोळा यांचे मोल नव्याने समजते. शेवटचा कागद जमिनीचा. महाराष्ट्रात सातबारा, कर्नाटकात पहणी. त्यावर मालकाचे नाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, पीक आणि जमिनीवरील कर्जाचा बोजा ही नोंद असते.

आता एका कागदाजवळ थोडे थांबायला हवे, कारण तेथे प्रश्न नफ्या-तोट्यापलीकडे जिवाशी येतो. तो म्हणजे कीटकनाशकाच्या डब्यावरील लेबल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यामागे अनेक कारणे एकवटली होती. डोक्याएवढे वाढलेले पीक, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नसणे, निरनिराळी औषधे एकत्र कालवून मारणे. केवळ न वाचल्यामुळे ही माणसे गेली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. लेबल बारीक अक्षरांत असते, मजुराच्या हाती डबा येत नाही, आलीच तर औषध ओतलेली टाकी येते. मात्र शाळेने विचारावे असे एक उरते. त्या टाक्या पाठीवर घेणाऱ्यांपैकी अनेकांनी कधी ना कधी शाळेचा उंबरठा ओलांडला असेल. मग डब्यावर काय छापलेले असते, हे त्यांना शाळेत कोणी शिकवले होते का?

लेबलवर एक चौकोन असतो, कोनावर उभा. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारी. लाल रंगाबरोबर कवटी आणि हाडांचे चिन्ह असते. हे रंग शिकवताना एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. आपल्या मनात हिरवा रंग म्हणजे पीक, समृद्धी, रस्त्यावर ‘जा’ म्हणणारा दिवा. म्हणून हिरवा त्रिकोण पाहिला की ‘यात विष नाही’ असा अर्थ मुले लावतात. लेबल मात्र तसे म्हणत नाही. ते सावधगिरीचाच इशारा देते. चिन्ह ओळखणे आणि चिन्हाचा अर्थ वाचणे यांतला फरक याहून स्पष्टपणे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

त्याच लेबलवर मात्रा दिलेली असते, आणि ती बहुधा हेक्टरी असते. शेतकरी मोजतो एकरात आणि गुंठ्यांत. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. समजा मात्रा हेक्टरी ५०० मिलिलिटर आहे. तर एका एकराला सुमारे २०० मिलिलिटर पुरे. ‘हेक्टर’ हा एक शब्द नजरेतून निसटला आणि ५०० मिलिलिटर एका एकरावर पडले, तर मात्रा अडीचपट झाली. पैसा अडीचपट गेला, फवारणाऱ्याच्या अंगावर अडीचपट विष उडाले आणि भाजीवरही तेवढेच राहिले. येथे चूक गणिताची नाही. गुणाकार येत असूनही ती होते, कारण ती वाचनाची आहे.

आणखी एक ओळ लेबलवर असते: शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत. होसकोटे तालुक्यातील टोमॅटो, कोथिंबीर, वांगी पहाटेच्या टेम्पोने बेंगळुरूच्या बाजारात जातात. ती ओळ वाचणारा मुलगा ज्या लेकरांचे रक्षण करतो, ती त्याला कधी दिसणार नाहीत. शाळेत नीतीचे पाठ दिले जातात. हा पाठ त्याच पंक्तीत बसावा.

आता भाषेच्या दृष्टीने होसकोट्याचे वैशिष्ट्य पाहू. शहाजीराजांच्या बेंगळुरू जहागिरीत होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे ही ठाणी होती. सतराव्या शतकापासून या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे नांदत आली. घरात मराठी, शिवारात आणि कचेरीत कन्नड, डब्यावर आणि गोणीवर इंग्रजी, अशा तीन भाषांत येथील मूल शेती पाहते. हे ओझे मानले जाते. शेतीच्या तासाला मात्र ते भांडवल होऊ शकते. जिरायत रान म्हणजे कन्नडात ‘होल’, भातखाचर म्हणजे ‘गद्दे’, बागायत मळा म्हणजे ‘तोट’. आपला कुळव तो ‘कुंटे’, पाभर ती ‘कूरिगे’, नाचणी ती ‘रागी’, तळे ते ‘केरे’. विद्यार्थ्यांनी तीन रकान्यांची शब्दवही ठेवावी: घरचा शब्द, गावचा शब्द, डब्यावरचा शब्द. आजोबा, शेजारचे कन्नड शेतकरी आणि दुकानदार यांना विचारून ती भरावी. वर्षाअखेरीस ती वही कोणत्याही छापील शब्दकोशापेक्षा त्या मुलाला अधिक उपयोगी ठरेल.

ही केवळ शब्दांची हौस नाही. नाचणीवर पडणारा ‘करपा’ कन्नडात ‘बेंकी रोग’, म्हणजे आगीचा रोग, आणि इंग्रजीत ‘ब्लास्ट’. तीन नावे आणि रोग एकच. उलट मराठीतला ‘करपा’ हा एकच शब्द अनेक रोगांना लावला जातो. टोमॅटोवर लवकर येणारा करपा ‘अल्टरनेरिया’ या बुरशीमुळे होतो, उशिरा येणारा ‘फायटोफ्थोरा’मुळे, नाचणीचा करपा त्याहून निराळा. एकाचे औषध दुसऱ्याला चालतेच असे नाही. दुकानात ‘करप्याचे औषध द्या’ एवढेच म्हणणाऱ्याला दुकानदार जे देईल ते घ्यावे लागते. म्हणून शास्त्रीय नावे घोकून नव्हे, उकलून शिकवावीत. ग्रीक भाषेत ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती आणि ‘फ्थोरा’ म्हणजे नाश. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक उद्ध्वस्त करून लाखोंची उपासमार घडवणाऱ्या रोगाचे हेच कारण. जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी त्याला हे नाव दिले. नावाची अशी फोड केली की भीती वाटायला लावणारा शब्द मुलांचा होतो. नाचणीच्या ‘इंडाफ’ वाणांची गोष्टही तशीच. इंडिया आणि आफ्रिका या दोन नावांची आद्याक्षरे जोडून तो शब्द बनला, कारण भारतीय आणि आफ्रिकी नाचणीच्या संकरातून हे वाण निघाले. ते सिद्ध करणारे डॉ. लक्ष्मणय्या याच कर्नाटकातले. वाणाच्या नावात त्याचा इतिहास असतो, हे कळलेले मूल पिशवीवरचे नाव लक्षपूर्वक वाचते.

वाचनाइतकेच महत्त्व वर्णनाला आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक शेतकऱ्याला आपल्या भाषेत सल्ला देतो. सल्ला देणाऱ्याला पीक दिसत नाही. त्याला ऐकू येते ते शेतकऱ्याचे वाक्य. ‘पाने पिवळी पडली’ या वाक्यावरून तो काय सांगणार? खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्राची कमतरता संभवते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची. एका विशेषणाने निदान बदलते. निबंधात ‘निसर्गरम्य’ आणि ‘नयनमनोहर’ अशी विशेषणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘खालची’, ‘कोवळी’, ‘कडेने’, ‘शिरांच्या मधली’ या साध्या विशेषणांचे सामर्थ्य शेतीच्या तासाला कळावे. पान हातात घेऊन पाच वाक्यांत त्याचे वर्णन लिहावे, आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने ते वाचून ढिगातून तेच पान ओळखावे. लेखन नेमके आहे की नाही, याची याहून चांगली परीक्षा नाही.

लेखनाचा सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे नोंद. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वहीत बहुधा असे वाक्य असते: ‘आज टोमॅटोला औषध मारले.’ वही भरली, गुण मिळाले. तीच नोंद अशी होऊ शकते: तारीख, सकाळची वेळ, आकाश निरभ्र, वारा नाही, लागवडीनंतर ४० वा दिवस, खालच्या पानांवर गोल तपकिरी ठिपके, दहापैकी तीन झाडांवर, औषधाचे नाव, १५ लिटरच्या टाकीत ३० मिलिलिटर, दोन टाक्या, खर्च, पाच दिवसांनी ठिपके वाढले की थांबले. दुसरी नोंद पुढच्या वर्षी उपयोगी पडते. तिच्यातून खर्च निघतो, चूक सापडते, शेजाऱ्याला सांगता येते. पहिल्या नोंदीतून काहीच निघत नाही. विज्ञानाची सुरुवात प्रयोगशाळेत होते असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती अशा नोंदीत होते.

नोंदीचे दुसरे मोलही आहे. आपल्या समाजात शेतीचे बहुतेक ज्ञान तोंडी चालत आले. नक्षत्रांवरून पेरणीचे अंदाज, सहदेव-भाडळीच्या उक्ती, कोणत्या शेतात कोणते पीक मानवते याची आठवण, हे सारे वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात होते आणि अजून थोडे शिल्लक आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी जे रचले ते त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव आणि घरातील लिहिते हात यांनी टिपून ठेवले, म्हणून १९५२ मध्ये ते ग्रंथरूपाने मराठीला मिळाले. घरात लिहू शकणारे मूल नसते तर मराठी भाषेचा तो ठेवा गेला असता. प्रत्येक घरात बहिणाबाई नसतील. पण जमीन जाणणारी एखादी आजी बहुतेक घरांत असते. तिचे बोलणे टिपून घेणे हा शेतीच्या विषयाचा स्वाध्याय व्हावा. ते खरे की खोटे हे मागाहून पर्जन्यमापकाशी आणि उत्पन्नाशी ताडून पाहता येईल. न लिहिलेले ताडूनही पाहता येत नाही.

काम आणि भाषा एकत्र शिकवण्याचे प्रयोग आपल्याकडे झालेले आहेत. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली, आणि हस्तोद्योगाशी भाषा, गणित, समाजशास्त्र जोडण्याला मराठीत ‘समवाय’ हा सुंदर शब्द रूढ झाला. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेऊन मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा शास्त्रज्ञ खेड्यातल्या मुलांबरोबर काम करू लागला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन या चार शाखांत हातांनी काम करतात. लक्षात घेण्यासारखे हे की काम संपले म्हणजे तास संपत नाही. वस्तूचे चित्र काढायचे, साहित्याची यादी करायची, खर्च काढायचा, नोंदवहीत कृती लिहायची, हे त्या कामाचाच भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. दप्तर नसावे हे ठीक. खिशात वही आणि पेन्सिल मात्र असावी.

या विचारावर आक्षेप येतात आणि ते ऐकून घेण्याजोगे आहेत. शेतीचे शिक्षक म्हणतात, आधीच तास अपुरे, त्यात भाषा कोठून आणायची? उत्तर असे की वेगळा तास नको. वाफ्यावर जाण्यापूर्वी दहा मिनिटे एक लेबल, एक चिठ्ठी, एक पत्रिका वाचावी. शिक्षकाने ती मोठ्याने वाचावी आणि वाचताना मनात काय चालले आहे तेही मोठ्याने बोलावे: ‘येथे हेक्टर लिहिले आहे, आपला वाफा गुंठ्यात आहे, म्हणजे थांबून हिशेब करायला हवा.’ जाणता माणूस कोठे थांबतो, काय पुन्हा वाचतो, कशावर शंका घेतो, हे विद्यार्थ्याला एरवी दिसत नाही.

भाषेच्या शिक्षकांना वाटते, ज्ञानेश्वरी आणि तुकाराम सोडून खताची गोणी वाचायची काय? सोडून मुळीच नाही. साहित्य भाषेच्या तासाला राहीलच. परंतु जी मुले धड्यापुढे गप्प बसतात, त्यांतली काही टोमॅटोच्या रोगावरील मजकूर वर्गात सर्वांपुढे जाऊन वाचतात, कारण त्या मजकुरातले अर्धे त्यांना आधीच ठाऊक असते. आपल्याला वाचता येते हा विश्वास एकदा आला की तो धड्याकडे आणि कवितेकडेही जातो.

तिसरा आक्षेप तरुणांचा. मोबाइल आता सारे वाचून दाखवतो, चित्रफिती आहेत, मग वाचायचे कशाला? मोबाइल अक्षरे वाचून दाखवील. जाहिरात कोणती आणि सल्ला कोणता हे तो सांगणार नाही. ‘हे मारा, फळे दुप्पट’ असा संदेश येतो. त्यात पिकाची अवस्था नाही, मात्रा नाही, सांगणाऱ्याचे नाव नाही. काय लिहिले आहे याबरोबर काय लिहिलेले नाही हे ओळखणे, ही वाचनाची वरची इयत्ता आहे.

आणि पालकांचा आक्षेप सर्वांत खरा आहे. आमची मुले शेतीतून बाहेर पडावीत म्हणून शाळेत घातली, त्यांना पुन्हा शेतीच का? होसकोट्याभोवती हा प्रश्न तीव्र आहे. कारखाने, गोदामे आणि वसाहती तालुक्यात शिरल्या आहेत. बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. कित्येक घरांची जमीन गेली, कित्येकांची जाईल. परंतु जमीन ठेवायची असो वा द्यायची, निर्णय कागदावरच होतो. भूसंपादनाच्या नोटिशीत सर्व्हे क्रमांक कोणता, क्षेत्र किती, हरकत नोंदवण्याची मुदत कोणती, हे ज्या घरात वाचता येते त्या घराला निदान आपले म्हणणे वेळेत मांडता येते. ज्या घरात येत नाही त्या घराच्या वतीने दुसराच कोणी वाचतो. औषधाच्या डब्यावर शिकलेले वाचन पुढे दवाखान्यातील गोळ्यांच्या पाकिटावर, बँकेच्या अर्जावर, नोकरीच्या करारावर चालते. म्हणून शेती सोडणाऱ्यालाही ते वाया जात नाही.

शेवटी काही सूचना, हीरक महोत्सवी वर्षात अमलात येऊ शकतील अशा. ग्रंथालयात एक कपाट शेतीच्या कागदांचे असावे: रिकामे, धुतलेले डबे नव्हेत, ते घरी किंवा शाळेत आणूच नयेत, लेबलांच्या व माहितीपत्रकांच्या प्रती, खूणचिठ्ठ्या, गोण्यांचे छापील तुकडे, मृद आरोग्य पत्रिका, नावे झाकलेल्या पहणी आणि सातबारे, कृषी विभागाची मासिके व घडीपत्रके. भाषेच्या आणि शेतीच्या शिक्षकांनी महिन्यातून एक तास मिळून घ्यावा. शेतीच्या परीक्षेत एक प्रश्न न पाहिलेल्या कागदावर असावा. तो वाचून विद्यार्थ्याने घरच्यांना उद्देशून चार ओळींचा सल्ला लिहावा. होबळीच्या रैत संपर्क केंद्रात आणि हेब्बाळजवळच्या कृषी विद्यापीठात भेट देताना प्रश्न आधी लिहून न्यावेत आणि उत्तरे लिहून आणावीत. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा, आणि रोजचा पाऊस फळ्याच्या कोपऱ्यात एका विद्यार्थ्याने मिलिमीटरमध्ये लिहावा, कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही अंकांत.

यांतील कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढी खात्री की शेतातील कागद हा शाळेच्या प्रतिष्ठेला शोभणारा मजकूर आहे. पुढच्या पंधरा वर्षांनी शाळेचा अमृतमहोत्सव येईल. त्या वेळी हिशेबाच्या कोऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे असावे: या शाळेत शिकलेल्या मुला-मुलींच्या घरी डबा उघडण्यापूर्वी तो वाचला जातो.